बंद पडलेली मालिका आई चालवत होती

मंडळी, आज दुपारी आमच्या आष्ट्याच्या घरात जे झालं, त्यातनं मी अजून बाहेर आलेली नाही.

पप्पा फौजेत होते तेव्हा आई दर रविवारी फोनवर त्यांना एका मालिकेची गोष्ट सांगायची. ती जुनी मालिका आज मला ऑनलाइन सापडली. मी हौसेनं टीव्हीवर शेवटचा भाग लावला.

नायिका सासर सोडून एसटीत बसते, आणि खलास. खाली लोकांनी लिहिलेलं, मालिका अर्ध्यातच बंद केली.

"असं कसं?" पप्पा म्हणाले. "पुढं तिनं रोपवाटिका काढली की! दीर माफी मागायला आला. सासू तिच्याकडं राहायला आली. हिनंच सांगितलंय मला."

आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, फोनवर दुसरं काय सांगणार? बोअरचं पाणी आटलं म्हटलं की तुमी तिकडं रातभर जागायचा."

म्हणजे पप्पा पेन्शनवर येईपर्यंत, शेतातनं दमून आल्यावर, आई स्वतः गोष्ट रचत होती! सुट्टीत पप्पांचा सगळा वेळ उसात जायचा, त्यामुळं त्यांना कधी पत्ताच लागला नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले.

पप्पांनी टीव्ही बंद केला.

"सासू राहायला आली, हितपर्यंत सांगितलं हुतंस," ते हळूच म्हणाले. "मग मी घरी आलो आन् गोष्ट तिथंच राहिली. पुढं काय झालं, सांग की."

शेंगांची पाटी मी माझ्याकडं ओढून घेतली. आई सांगायला लागली.