विनेशच्या लग्नाचं आवतण

उरणकडच्या आगरी गावांत भागुबाईशिवाय हळद लागत नाही. ती धवलारीण, लग्नात धवले गाणारी. मांडवात बसून ती देवांना, पितरांना, मामा-मावश्यांना नाव घेऊन आवतण देते. एक नाव सुटलं की मानपान चुकला. मग पुन्हा पहिल्यापासून. वाजंत्री खोळंबो की जेवणं निवोत, भागुबाई ऐकायची नाही.

तिचा विनेश मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. वैशाखात लग्न ठरलेलं. लढाई दुसऱ्याच मुलखांची, ह्याचं त्यात काय जात होतं? पण भर दर्यात क्षेपणास्त्र आदळलं ते नेमकं भटारखान्यावर. प्रेतही आलं नाही. कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. चुलीत घाला ते पत्र!

ठरल्या तिथीला भागुबाईनं रिकाम्या अंगणात बसून पोराचा धवला म्हटला. क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला आवतण दिलं. ते बनवणाऱ्याला दिलं. आणि लढाई पेटलीय हे ठाऊक असून, लांबचा वळसा नको म्हणून बोट त्याच वाटेनं दामटणाऱ्या मालकालाही दिलं. तिची भाची नेत्रा शाळेत शिकवते. तिनं ते उतरून घेतलं आणि युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या बायकांसाठी एक पुरस्कार असतो, तिकडे धाडलं. पहिला नंबर आला. अंगठा उठवणारी बाई लेखिका झाली!

अलिबागच्या सभागृहात कुणी रेशमी साडीवाली छापील पुस्तिकेतून तो धवला वाचत होती. भागुबाई पुढच्या खुर्चीत ओठ हलवत होती. सोडणारा झाला, बनवणारा झाला, आणि टाळ्या पडल्या.

"मालक कुटं हाय गो?" तिनं विचारलं. नेत्रानं पुस्तिका चाळली. ते कडवंच नव्हतं.

व्यासपीठावर अध्यक्षबाई शाल घेऊन आल्या, तेव्हा भागुबाईनं त्यांनाही तेच विचारलं. बाई गोड हसल्या. "आजी, पुरस्कार युद्धविरोधी लेखनाचा ना? मालकाचं कडवं काही युद्धाचं नाही, म्हणून गाळलं. आता रचना कशी छान बांधीव झालीय!"

भागुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"युद्धाचं न्हाय? मंग माजा पोरगा काय पाय घसरून मेला? त्या आगीत त्याला धाडला कोनी? तुमी बांधीव करा आनि तो मालक सुटू दे, व्हय?"

"आजी, शांत व्हा..."

"न्हाय होत! ठेव ती शाल. मानपान चुकलाय. पहिल्यापासून म्हनायला लागंल."

मावशीला आवरायला नेत्रा उठली असं सगळ्यांना वाटलं. तिनं माईक काढला आणि मावशीच्या तोंडापुढं धरला.

भागुबाईनं देवांपासून सुरुवात केली. पितर झाले, मामा झाले, सोडणारा झाला, बनवणारा झाला. मागच्या दारी चहा निवला. मग तिनं पदर खोचला आणि आवाज चढवला:

"या मालक, मांडवात या, तुमचा पाट मांडलाय. हळद वाटून ठेवलीय, समदी जमलीत. येताना नवरा तेवढा संगती आना."