काळ्या खिडकीची रुंदी

आमच्या घरात सून आणि तिचे सासरे एकमेकांशी समोरासमोर बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीतच तशी. ती म्हणे, "आत्या, मामांना सांगा." हे म्हणत, "सूनबाईला सांग." पुढच्या खोलीत यांचं खत-बियाण्याचं दुकान, मागच्या खोलीत तिचा लॅपटॉप आणि मधल्या दारात मी.

सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मुलगा रोज तुळजापूरला नोकरीला जातो आणि रात्री घरी येतो, म्हणून लग्नानंतर तिनं गावातूनच काम करायची परवानगी मागून घेतली होती. या उन्हाळ्यात तिच्या मॅडमनं एक काम दिलं आणि वर बोलणंही ऐकवलं. मी शेजारी भाजी निवडत होते, फोनमधलं सगळं ऐकू येत होतं.

"इथं ऑफिसात सगळ्या तऱ्हेचे संगणक आहेत. तू खेड्यात बसून तपासणार कशावर? सोमवारी दाखव. नाही जमलं तर पुण्याला ये."

पुण्याला गेली तर नवरा-बायकोची भेट आठवड्यातून एकदा होणार, आणि माझ्या दुपारी परत मुक्या होणार. तिनं जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

काम काय आहे ते तिनं मला सांगितलं. तिचा प्रोग्रॅम काळ्या खिडकीत गोदामातल्या मालाची यादी दाखवतो. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. कुणी ती पडदाभर उघडतं, कुणी अर्धी ठेवतं. यादी दाखवायच्या आधी प्रोग्रॅमनं विचारून घ्यायचं, खिडकीत किती अक्षरं आडवी बसतात आणि किती ओळी उभ्या. मग तेवढ्यात मावेल अशी यादी मांडायची.

"मग विचारावं. त्यात अवघड काय हाय?" मी म्हटलं.

"विचारायची पद्धत सगळीकडं सारखी नाही, आत्या. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची प्रणाली आहे. मॅकलाही जवळपास तसंच विचारलं की चालतं. विंडोजला मात्र निराळ्या तऱ्हेनं विचारावं लागतं. आणि उत्तरच आलं नाही तर ऐंशी अक्षरं धरून पुढं जायचं."

मला ते लगेच पटलं. आमच्या मुलाला कधीही, काहीही विचारता येतं. यांना विचारायचं तर जेवण होऊन सुपारी तोंडात पडेपर्यंत थांबावं लागतं.

मॅकवर तपासायला तिची पुण्यातली मैत्रीण तयार झाली. विंडोज आमच्याच दुकानात होतं, बिलं काढायच्या जुन्या संगणकावर. सकाळी दुकान उघडायच्या आधी तिनं प्रोग्रॅम त्यात घातला. पण दिवसभर दुकानात माणसं, तिथं बसायला तिला अवघड वाटे. म्हणून ठरलं असं, की खिडकी लहानमोठी यांनी करायची, निरोप मी न्यायचा आणि बदल तिनं करायचा.

"अवं, ती विचारायली, यादी सगळी दिसती का?"

"दिसती म्हणावं. बेस दिसती."

"खिडकी बारीक केल्यावर?"

"बारीक केल्यावर बी दिसती."

मी आत जाऊन सांगितलं. तिचा चेहरा खुलला.

दुपारी चहा घेऊन गेले तेव्हा मी यांच्या पाठीशी उभी होते. यादीचा शेवटचा रकाना खिडकीत नव्हताच. यांनी खिडकीच्या तळाची पट्टी माऊसनं उजवीकडं सरकवली, रकाना बघून घेतला आणि म्हणाले, "दिसती म्हण."

"ही पट्टी कशाला सरकवायलाव?"

"सरकवल्याबिगर दिसत न्हाय."

"मग तसं सांगायचं की."

यांनी आवाज खाली आणला. "पोरगी किती दिवस झालं राबायली. तिच्या कामात खोट काढू व्हय मी? सरकवलं की दिसतंय, भागलं."

यांचं असंच आहे. भाजी खारट झाली तर हे ताक मागून घेतात. खारट झाली म्हणत नाहीत.

पोत्यावर बसलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "वैनी, मालक सकाळधरून नुसती खिडकी ओढायलेत. आमाला युरिया कोण द्यावा?"

दुकानात हशा पिकला. एरवी मी तिथून आत गेले असते. पण सोमवारी मॅडमपुढं ही पट्टी सरकवायला हे थोडेच असणार होते? मी दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "सूनबाई, दिसत न्हाय. खालची पट्टी सरकवली तरच दिसतंय."

आत खुर्ची सरकली. ओढणी सारखी करत ती दारात आली आणि लांबूनच पडद्याकडं बघत राहिली. मग कपाळावर हात मारून हसली.

"या जुन्या खिडकीत आतलं पान मोठं असतं, आत्या, आणि दिसतो त्याचा एक भाग. मी पानाची रुंदी विचारत बसले. दिसणाऱ्या भागाची विचारायला पाहिजे होती."

हे माझ्याकडं बघून, पण तिला ऐकू जाईल असं बोलले, "म्हंजी रान केवढं ते इचारलं. बांधावरनं दिसतंय केवढं ते ऱ्हायलं."

"अगदी तसंच, मामा," ती म्हणाली.

मी चहाचा कप यांच्यापुढं ठेवला.

संध्याकाळपर्यंत तिनं ते दुरुस्त करून दुकानातल्या संगणकात परत घातलं. खालची पट्टी होती तशीच राहिली, पण यादी आता दिसणाऱ्या जागेत बसली. मी चूल सारवत होते, तेवढ्यात दुकानातून हाक आली, "पोरी, शेवटचं अक्षर खालच्या ओळीत उतरायलंय बघ." हाक माझ्यासाठी नव्हती. ओळ काठोकाठ भरली की या खिडकीत असं होतं, म्हणून तिनं उजवीकडं एका अक्षराची जागा मोकळी सोडली.

सोमवारी मॅडमनं व्हिडिओ कॉलवर आधी मैत्रिणीचा मॅक बघितला, मग सुनेचा लॅपटॉप. मग म्हणाल्या, विंडोजवर दाखव. ती मोबाइल हातात धरून दुकानात गेली. हे संगणकापुढं ताठ बसले होते. यांनी खिडकीचा कोपरा धरून आत ढकलला, तिनं प्रोग्रॅम परत चालवला आणि यादी अंग चोरून बसली.

"खिडकी कोण ओढतंय?" मॅडमनं विचारलं.

"माझे सासरे."

"त्यांना म्हणावं, अजून लहान करा."

कुणी म्हणायच्या आत यांनी ती वीतभर करून टाकली. कमी गरजेचे रकाने गळाले, मालाचं नाव आणि शिल्लक राहिली. एकही ओळ मोडली नाही.

"ठीक आहे. तिथूनच काम कर," मॅडम म्हणाल्या.

मी सगळ्यांना चहा दिला. यांनी बशीतला एक घोट घेतला, थांबले आणि म्हणाले, "साखर कमी हाय."

सून माझ्याकडं बघून हसली. मी साखरेचा डबा आणायला आत गेले.