ट्रंकेत न मावणारं कॅबिनेट

कॉम्प्युटरचं बाकीचं सगळं सामान येऊन सव्वा महिना झाला होता, आणि कॅबिनेट काही ठरत नव्हतं. कॅबिनेट म्हणजे बाहेरचा डबा, ज्याच्यात सगळं बसवायचं असतं तो. मदरबोर्ड आला, प्रोसेसर आला, रंगीत उजेडाचे पंखे आले. उंब्रजच्या आमच्या घरात मधल्या खोलीत कपाटावर ती खोकी रचून ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून वर एक जुनं लुगडं टाकून. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या रोज विचारायच्या, "अगं, ह्या खोक्यांचं काय लोणचं घालणार हाईस काय?" मी म्हणायचे, "डबाच ठरंना, आत्या."

खरं सांगायचं तर ठरत नव्हतं असं काही नव्हतं. मीच ठरू देत नव्हते.

आधी माझं काम सांगते. मी फ्लेक्सची डिझाइनं करते. चौकात लागतात ते वाढदिवसाचे, शर्यतींचे, दशक्रियेचे बोर्ड. उंब्रजमधलं एक आणि मलकापुरातली दोन छपाईची दुकानं मला मोबाइलवर फोटो पाठवतात आणि मी घरी बसून बोर्ड तयार करून देते. मधोमध गॉगल लावलेली उत्सवमूर्ती आणि खाली शुभेच्छुकांची चाळीस डोकी. एकाचं डोकं शेजारच्यापेक्षा जरा लहान झालं की लगेच फोन: "ताई, आमच्या भावाला मुद्दाम बारका केलाय का?" जुन्या लॅपटॉपला ही चाळीस डोकी झेपायची नाहीत. पंचविसाव्या डोक्याला तो जो अडकायचा, की मी उठून भाजी फोडणीला टाकून आले तरी तिथंच. म्हणून नवा कॉम्प्युटर.

नवरा फौजेत आहे, गाड्यांचा मेकॅनिक. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली आम्ही एका छपराखाली काढलेली तीन तरी भरतील की नाही, शंकाच आहे. मुलगी साताऱ्याला वसतिगृहात शिकते. आत्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांच्या मालिका आमच्या घरात वाजतात आणि चार घरं पलीकडंही ऐकू येतात. घरात आवाजाला तोटा नाही, पण माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. दिवसभर चाळीस-चाळीस तोंडं माझ्यासमोर हसत असायची, आणि माझं तोंड मात्र जेवायलाच उघडायचं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"अजून न्हाई. तुमी?"

"जेवलो. आईचं बीपी?"

"गोळी दिलीया."

"पोरगी?"

"बरी हाय."

"बरं मग."

झालं. चार मिनिटं. नंतर दोघंही फोन कानाला लावून उगाच बसायचो. एकदा त्यांनी "लाइट हाय का?" असं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हाय म्हणाले. रागवायचं तरी कुणावर? माणूस वाईट नव्हता, बोलायला विषयच नव्हता.

श्रावणात कॉम्प्युटरचं निघालं आणि विषय मिळाला. ते म्हणाले, "तयार नको घिऊ. सामान गोळा कर, मी ईऊन जोडतो. तवर हात लावू नगंस." मार्गशीर्षात त्यांची सतरा वर्षांची नोकरी पुरी होत होती. पेन्शनीवर येणार, कॉम्प्युटर जोडणार, मग हायवेला गाळा बघून आपलंच फ्लेक्सचं दुकान टाकायचं, असं आमचं चाललं होतं. आमचं म्हणजे माझं, हे मला पुढं कळलं.

बाकीच्या वस्तू पटापट ठरल्या, कारण त्यातलं आम्हाला दोघांनाही काही कळत नव्हतं. दुकानदार म्हणेल ते घेतलं. डब्याचं मात्र दोघांनाही कळत होतं. मला दिसायला कसा हवा ते, त्यांना आत हवा कशी खेळते ते.

"पुढनं काच नगं," ते म्हणायचे. "हवा कुठनं घुसणार? गाडीच्या रेडिएटरला कुनी काच लावतं का?"

"आवं, पण जाळीतनं रंग दिसत न्हाईत."

"रंग बघायचं हायत का काम करायचं हाय?"

"दोन्ही!"

मग हसायचे. चाळीस-चाळीस मिनिटं बोलणं चालायचं. सकाळी ते मेसच्या रांगेतून फोटो पाठवायचे, खाली एकच शब्द: "हे?" मी दिवसभर त्यातली खोट शोधून ठेवायची. ह्याची काच डाव्या अंगाला, माझं टेबल डावीकडून भिंतीला, मग रंग काय भिंतीनं बघायचे? टेबल हलव म्हणाले, तर टेबलाला टेकून आत्यांची धान्याची कोठी, ती हलवायला चार माणसं लागतात. त्या कोठीवर आम्ही दोन संध्याकाळी काढल्या. त्यांनी मला जमिनीवर फरशी मोजायला लावली. मी उगीच चुकीची मोजली, म्हणजे परत फोन करावा लागेल. एवढी लबाड मी जन्मात झाले नव्हते. पण डबा ठरला की परत बीपीची गोळी, हे मला दिसत होतं. म्हणून प्रत्येक डब्याला मी नाक मुरडायची.

त्याच दिवसांत मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्या भागात फौजी पेन्शनीवर आला की उघड्या जीपमधून मिरवणूक काढतात, हलगी लावतात, चौकात बोर्ड लागतो. असे बोर्ड मी दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे किती केले असतील! तर गुपचूप ह्यांचाही केला. वर्दीतला फोटो मोठा घेतला, मागं तिरंगा. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत पहिलं डोकं घातलं ते माझंच. एकटीचंच दिसायला लागलं. लाज वाटून पुसलं. परत घातलं. आगमनाची तारीख तेवढी मोकळी ठेवली.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज जरा घाईचा.

"ते बारकं कॅबिनेट घिऊन टाक."

"बारकं? त्यात तुमचा हात तरी जाईल का?"

"जाईल. बारकंच घे. ट्रंकंत बसाया पायजे, मी माप घेतलंय."

ट्रंक म्हणजे फौजींची ती काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या अक्षरात नाव आणि नंबर. जिथं बदली तिथं ती बरोबर.

"ट्रंकंत कशाला?" मी विचारलं.

"बदली झाली की हलवाया बरं पडतं."

"कुणाची बदली?"

पलीकडं कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं, तेवढं ऐकू आलं. 

मग सांगितलं. नोकरीची दोन वर्षं वाढवून मिळतात, त्याचा अर्ज भरला होता, तो मंजूर होऊन आला होता.

"सही कवा केली?"

"आषाढात."

"म्हंजी आपण पंख्यांचं रंग ठरवत हुतो, तवा सही झालेलीच हुती..."

"व्हय."

"आणि तुमी मला फरशी मोजाया लावली?"

"तू लय खुशीत असायचीस गं. कशी सांगू?" असं म्हणाले, आणि मग एकदम उसळले. "आणि ईऊन करू काय मी? ब्यांकंच्या दारात बंदूक घिऊन हुबा ऱ्हाऊ? तुझं काम झकास चाललंय. मी काय तुझ्या बोर्डांना खिळं ठोकू?"

"ठोका की! त्यात कसला कमीपणा?"

"तुला न्हाई कळायचं."

पुढची बदली चांगल्या ठिकाणी झाली आणि क्वार्टर मिळालं तर तुलाही नेईन, म्हणून बारका डबा, असंही म्हणाले. झाली तर. मिळालं तर. बारा वर्षं मी ह्या दोन 'तर'वर काढली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोन ठेवला आणि तीन दिवस उचलला नाही.

चौथ्या दिवशी सांगलीची एसटी धरली. कराडात डबे चार-पाचच होते, सांगलीत भिंतभर असतात असं ऐकलं होतं. वाटेत आष्टा लागलं. माझं माहेर. उतरले नाही. आईनं दारातच विचारलं असतं, "जावई कवा यायचं?" आणि मी तिथंच रडले असते. खिडकीकडं पाठ करून बसले.

दुकानात खरंच भिंतभर डबे होते, सगळे चालू. निळे, जांभळे, हिरवे, आत पंखे गरगरतायत. दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का, ताई?"

"माझ्यासाठी."

"गेम खेळता?"

"बोर्ड करते. वाढदिवसाचे."

त्याला हसू आलं, पण माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "मग साधा घ्या. लाइटनं काय स्पीड वाढत न्हाई." मला ते माहीत होतं. मला स्पीडसाठी लाइट नकोच होते. त्या खोलीत माझ्याशिवाय काहीतरी हलावं, जागं असावं, एवढंच हवं होतं. हे दुकानदाराला कुठं सांगत बसू? कोपऱ्यात एक भलामोठा डबा होता, पुढून काच, बाजूनं काच, दुकानात त्याला फिशटँक म्हणत होते.

"हा फौजीच्या ट्रंकेत मावेल का?"

"छे ओ ताई, हा कपाटात बी मावायचा न्हाई."

"मग हाच द्या."

परत येताना कंडक्टर म्हणाला, "बाई, फ्रीज हाय का काय?" माझं बायकांचं अर्धं तिकीट आणि डब्याचं वेगळं, असा आमचा प्रवास झाला. शेजारच्या सीटवर तो डबा. कराडपर्यंत मी त्याला एका हातानं धरून होते.

दोन दिवस लागले जोडायला. व्हिडिओ थांबवत थांबवत, एकेक स्क्रू. पत्र्याच्या कडेनं बोट कापलं. पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच नाही, घाम फुटला. बटणाची बारकी वायर उलट्या जागी होती. ती बदलली आणि भस्सकन सगळे पंखे पेटले. आत्या नारळ घेऊन आल्या. काचेवर हळदीकुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "देवापुढं बी एवढा उजेड नसतो गं." मला हसू आवरेना. हे सांगायला फोन हातात घेतला, आणि कुणाला सांगायचं हे आठवून खाली ठेवला.

खोली भरल्यासारखी वाटली, नाही असं नाही. कोठीवर निळं, भिंतीवर गुलाबी. मग तेच रंग त्याच क्रमानं फिरून येतात हे लक्षात आलं. त्या दिवशी चाळीस डोकी एका दमात झाली, कुठं अडकली नाहीत, आणि मी मशीनसमोर बसून हुंदके देऊन रडले. आत्यांना ऐकू येत नाही, ते एक बरं होतं.

फोन मी परत उचलायला लागले होते. जेवलीस, जेवले, बीपी, गोळी. डब्याचं त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. जोडून झाला हे मी सांगितलंच नाही.

मार्गशीर्षात ते आले. वीस दिवसांची सुट्टी. चहा झाला, आणि बॅगेतून त्यांनी एक पाकीट काढलं. स्क्रूड्रायव्हरचा सेट. चाळीस-एक बारकी टोकं, सगळी लोहचुंबकाची, अजून प्लॅस्टिकमध्ये बंद. तिकडून मुद्दाम आणलेला. हात चोळत उठले. "चल, काढ खोकी. ईस दिस हायत, निवांत जोडू. तू नुसती सांग कुठला रंग कुठं."

मी कपबश्या गोळा केल्या. ते मधल्या खोलीत गेले. मशीन चालूच होती.

बराच वेळ उभे राहिले. मग खाली बसले, बाजूची काच काढली आणि गाडी तपासतात तसा एकेका स्क्रूला अंगठा लावून बघायला लागले. मी दारात. मनात म्हणत होते, सापडू दे. एखादा तरी ढिला सापडू दे.

"एक बी ढिला न्हाई," ते म्हणाले.

हे ऐकलं की जिंकल्यासारखं वाटेल, असं मला दोन महिने वाटत होतं.

"मागचा पंखा बघा की," मी म्हणाले. "त्यो मला जमला नव्हता." खोटं बोलले.

त्यांनी पाहिला. "झ्याक बसवलाईस." काच परत लावली, बोटांचे ठसे बाहीनं पुसले. बाहेर येऊन ते पाकीट न फोडता बॅगेत तळाला सरकवलं. "ऱ्हाऊ दे. तिकडं उपेगी पडंल."

आवं, हितं ठेवा, दोन वर्षांनी लागंल, असं मला म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले नाही, आणि त्यांनी चेन ओढली.