फलकावरची रोझविता

आमच्या सूतगिरणीत प्रत्येक तुकडीची एक वही असायची. कोणी किती काम केलं, कोणाचा वाढदिवस झाला, सगळ्यांनी मिळून कुठलं नाटक पाहिलं, हे तिच्यात लिहायचं, फोटो चिकटवायचे आणि वर्षअखेरीस ती साहेबांपुढे ठेवायची. वही चांगली तर तुकडीचा सन्मान. माझं अक्षर बरं, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. चार ओळी लिहिल्या की आपणही कोणीतरी आहोत असं वाटायचं.

रोझविता माझ्या शेजारच्या यंत्रावर होती. वय सव्वीस. नवरा दूर उत्तरेला रोस्टॉकच्या बंदरात क्रेन चालवायला गेला आणि तिथेच दुसरीबरोबर राहिला. मुलगी इनेस, अडीच वर्षांची. तिन्ही पाळ्या करणाऱ्या एकट्या बाईला मूल ठेवायला एकच जागा, आठवड्याचं पाळणाघर. सोमवारी पहाटे पोर सोपवायची, शुक्रवारी दुपारी परत आणायची. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. माझा उवेसुद्धा तिथेच वाढला. हल्ली तो नाताळला येतो आणि कोट अंगात ठेवूनच कॉफी पितो.

रोझविताचा शनिवार कपडे धुण्यात आणि रांगांत जायचा, रविवार इस्त्रीत. रविवारी संध्याकाळी ती पिशवी भरायला लागली की इनेस आपले बूट उचलून पलंगाखाली लपवायची. बुटांशिवाय घराबाहेर जाता येत नाही, एवढं पोरीला कळलेलं.

त्या हिवाळ्यात सूत तपासणीच्या खात्यात एक जागा निघाली. फक्त दिवसपाळी. ती मिळाली की दिवसाच्या पाळणाघराचा परवाना मिळणार होता, म्हणजे पोर रोज रात्री घरी. रोझविताने अर्ज केला.

"मिळाली ना गुड्रुन, तर तिला रोज मी झोपवीन," ती म्हणाली. "आठवड्यातून तीनदा नाही, रोज."

"तुला नाही देणार तर कोणाला देतील?" मी म्हटलं.

आणि मला शहाणपण सुचलं. तिचं नाव वरपर्यंत पोचावं म्हणून मी वहीत तिच्यावर आख्खं पान लिहिलं. एकटी आई, तीन पाळ्या, एक दिवस उशीर नाही, काम ठरल्यापेक्षा जास्त, आणि सदा हसतमुख. हसतमुख हे माझ्या पदरचं. ते पान साहेबांना इतकं आवडलं की महिला दिनाला जिल्ह्याच्या पेपरात तिच्या फोटोसकट छापून आलं, आणि गिरणीच्या दारातल्या मानाच्या फलकावर काचेमागे रोझविताचा हा एवढा मोठा फोटो लागला. मी तर हवेतच होते.

एप्रिलमध्ये मुकादम फोग्ट यांनी तिला बोलावलं. मलाही बोलावलं, वही घेऊन.

"रोझविता, तुझा अर्ज आत्ता नको," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवत नसे. "जिचा फोटो दारात लावलाय, तिलाच तीन पाळ्या झेपत नाहीत म्हटल्यावर बाकीच्या काय म्हणतील?"

"नाही झेपत," रोझविता म्हणाली.

"असं कसं? झेपतात असं लिहिलंय. गुड्रुननेच लिहिलंय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. हसतमुख वगैरे सगळं मी रंगवलंय, ही बाई थकून गेलीय, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी वहीचा कोपरा सरळ करत बसले. ती जागा दुसऱ्या कोणालातरी गेली.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी गिरणीच्या अंगणात तुकडीचा मेळावा होता, सॉसेज भाजायचा बेत. फोग्ट म्हणाले, मुलीलाही आणा, वहीत फोटो लावू. रोझविता तिला पाळणाघरातून थेट घेऊन आली. दारातल्या फलकापाशी इनेस थांबली. काचेला हात लावून म्हणाली, "शुभरात्री, आई."

दुपारचे चार वाजले होते. डोळ्यांवर ऊन येत होतं.

"तिथल्या मावशीने पेपरातला फोटो कापून तिच्या खाटेवर लावलाय," रोझविता मला म्हणाली. "रोज झोपताना त्याला असं म्हणायला लावतात. पोरं रडत नाहीत त्याने."

तिने इनेसला उचलून घेतलं. पोर मान वळवून फलकाकडे बघत राहिली.

सोमवारी सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी रोझविता रुमाल बांधत माझ्याजवळ आली.

"काल तिने बूट लपवले नाहीत," ती म्हणाली. "मी पिशवी काढली, तर स्वतःच आणून दिले. आज पहाटे बस म्हटलं तर बसली, पाय पुढे केले."

"मोठी होतेय," मी म्हटलं.

"वहीत लिही," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. "लिही, रोझविताचं मूल रुळलं."

यंत्रं सुरू झाली. दुपारी फोग्ट वही मागायला आले, तेव्हा मेळाव्याच्या फोटोखाली दोन ओळींची जागा रिकामी होती. आणि मी, काय सांगू, तसं लिहिलंसुद्धा.