गोदूबाईंची झाकलेली कढई

सुचेता मूळची रत्नागिरीची. माशाच्या कालवणाच्या वासाशिवाय जिची भूक जागी होत नसे, ती बाई चार वर्षं शाकाहारी म्हणून मिरवत होती. कारण एकच, पूनम सागर सोसायटीतला भाड्याचा फ्लॅट. मालकाने विचारलं, "आप लोग वेज हो ना?" आणि नवरा गुणवंत छातीठोकपणे म्हणाला, "एकदम प्युअर!" तेव्हापासून रविवारची कोलंबी खिडक्या लावून शिजायची आणि तिची सालं सुचेता पिशवीत बांधून लांब स्टेशनच्या कचराकुंडीत टाकून यायची. खोटं एकदा जिभेवर बसलं की पाहुण्यासारखं उठता उठत नाही.

२००७ साली तिला एका संस्थेत काम मिळालं. गावोगाव जाऊन लोक रोज काय खातात ते फॉर्मवर लिहायचं. त्यावरून सरकारची लहान मुलांच्या आहाराची योजना ठरणार होती.

समुद्रकाठच्या तारोडी गावातलं पहिलंच घर गोदूबाईंचं. त्या कढईत जवळा, म्हणजे बारीक सुकट, परतत होत्या. "ये बाय, दोन घास खाऊन घे," त्या म्हणाल्या. सुचेताच्या तोंडाला पाणी सुटलं, पण सवयीने शब्द निघाले, "नको मावशी, आम्ही प्युअर व्हेज."

गोदूबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी घाईघाईने कढई झाकून मागच्या दारी नेली, अंगणातले बोंबील आत लपवले, एक थाळी तीनदा राखेने घासली आणि शेजारच्या वासंतीकडून वांगी मागून आणून भाजी केली. सुचेता ती मान खाली घालून जेवली.

मग फॉर्म. "काल काय जेवलात?"

"डाळ-भात."

"मासे?"

"न्हाय बाय. आमी पन जास्त न्हाय खात."

सुचेताने 'नाही' लिहिलं. पुढच्या घरी वासंतीही डाळ-भातच म्हणाली. तिसऱ्या घरी तेच. बाई मासे खात नाही ही बातमी तिच्या पुढे पळत होती. दुपारपर्यंत अख्ख्या कोळीवाड्याने मासे सोडले होते!

बस स्टॉपवर तिने फॉर्म चाळले आणि तिचे कान तापले. ज्यांच्या दारात समुद्र, त्यांनाच आपल्या ताटाची लाज वाटायला आपण लावली, आणि आता ती लाज कागदावर चढून सरकारकडे जाणार. बस आली तशी गेली. सुचेता उलट पावली तारोडीत आली.

"मावशी, मी खोटं बोलले. आम्ही मासे खातो. जवळा तर मला जीव की प्राण."

गोदूबाई म्हणाल्या, "मंग माजी कढई कशाला झाकायला लावलीस?"

सुचेताने पिशवीतून त्यांचा फॉर्म काढला. त्यावरचं 'नाही' खोडलं. मग लहान मुलीसारखं हळूच विचारलं, "जवळा आहे अजून?"

"न्हाय," गोदूबाई म्हणाल्या. "तुला वास नको म्हनून मांजरींना टाकला."