त्रिवेणीचा होकार

माझी नणंद त्रिवेणी नक्की काय काम करते, हे पाहुण्यांना सांगताना सासूबाईंची पंचाईत व्हायची. एमसीए झालेली मुलगी रोज अंबरपेठेतून बस धरून नारायणगुड्याला जाते आणि मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर दिवसभर गेम खेळते, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मग त्या नुसतं 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हणायच्या. त्या वर्षांत आमच्या हैदराबादेत घरटी एक तरी माणूस सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे पुढे कुणी विचारत नसे.

खेळणं म्हणजे खरं तर तपासणं. परदेशातल्या एका कंपनीचा गोष्टीचा गेम होता. त्यात आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, आणि भेटेल त्याच्याशी कसं वागायचं ते आपणच ठरवायचं. पहिल्या भागाच्या शेवटी एक नावाडीण होती. तिला थांबवायचं, जाऊ द्यायचं की पुरात सोडायचं, हे खेळणाऱ्याच्या हातात. आता दुसरा भाग निघणार होता आणि तुम्ही पहिल्यात जे केलं ते त्यानं लक्षात ठेवायचं होतं. थांबवली असेल तर नावाडीण घाटावर भेटणार, बुडवली असेल तर नुसती रिकामी नाव. हे बिनचूक होतंय ना, ते त्रिवेणी आणि तिच्या शेजारी बसणारा श्रीकांत बघायचे.

हा श्रीकांत पुण्याचा, शांत, चष्मेवाला. सगळ्या वाटा तपासायच्या म्हणून नावाडिणीला बुडवायलाही लागायचं, पण ते काम त्रिवेणी त्याच्यावर ढकलायची. तो तिला चिडवायचा, तुला पगार गेम तपासायला देतात, नावाडीण सांभाळायला नाही. अशा चिडवाचिडवीत दोघांचं जुळलं. त्रिवेणीनं पहिल्यांदा मला सांगितलं, मग घरात. बापलेकीत असं मोकळं बोलणं कधी नव्हतं, पण सासरे नामदेवराव स्वतः म्हणाले, तुझी मर्जी असेल तर बोलव त्यांना. तिनं सगळ्यांसमोर हो म्हटलं. मी तिथे उभी होते, म्हणून ठासून सांगते.

श्रीकांतचे आईवडील पुण्याहून आले. चहा झाला, चिवडा झाला, सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात सासूबाई मोकळेपणानं बोलून गेल्या, "परवाच एक स्थळ मोडलं हो हिचं. त्यांनी लई ताणलं, आम्हीच नक्को म्हटलं."

ते स्थळ मोडून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्याकडे परवा म्हणजे मागचा कुठलाही दिवस. हैदराबादी उर्दूतल्या परसोंचं वारं लागलंय आमच्या मराठीला. इथे निजामसुद्धा परवाच गेला. पण पुण्याच्या माणसांचा परवा म्हणजे काल नाही, त्याच्या आदला दिवस. दोन दिवसांपूर्वी ह्या मुलीचं मोडलं आणि आज आपल्यासमोर बसवली, असा त्यांनी अर्थ घेतला. श्रीकांतच्या आईनं कप खाली ठेवला. आठवड्यानं मध्यस्थ एकनाथरावांकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

सासऱ्यांना नकार झोंबला. त्यांची सगळी नोकरी कोर्टातल्या कारकुनीत गेलेली, हार मानायची सवय नाही. त्यांनी एकनाथरावांना उलटं सुनावलं, आमच्या पोट्टीलाच मुलगा पसंत नव्हता, आम्हीच कळवणार होतो. मग हेच त्यांनी काकांना सांगितलं, शेजारी सांगितलं. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ते खरं वाटायला लागलं.

इकडे श्रीकांतनं त्रिवेणीला परवाबद्दल विचारलं. तिनं समजावलं तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्यानं आईवडिलांना पटवलं, आणि तेही विरघळले. पण सासऱ्यांचं बोलणं एकनाथरावांनी त्यांच्या कानावर घातलं होतं. आता फक्त सासऱ्यांनी एवढं म्हणायचं होतं की मुलीचा होकार होता, मी रागात बोललो. एवढ्या एका वाक्यावर त्रिवेणीचं लग्न टांगलेलं होतं. मी त्यांना दोनदा विनवलं, सासूबाई तर रडल्या. ते म्हणाले, सगळीकडे सांगून झालंय, आता मी खोटा ठरू का?

त्याच दिवसांत एकदा जेवताना त्रिवेणीनं ऑफिसातलं सांगितलं. परदेशातून हुकूम आला होता. इतके सगळे शेवट सांभाळणं परवडत नाही. दुसऱ्या भागात एकच शेवट खरा धरायचा, तो म्हणजे नावाडीण आपल्या मर्जीनं निघून गेली. ज्यांनी ज्यांनी तिला थांबवलं होतं, त्यांचं खेळणं वाया.

"त्याला कॅनन म्हणतात," ती म्हणाली.

सासरे उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी कानून ऐकलं आणि खूश झाले. म्हणाले, बरोबरच आहे, कानून एकच पाहिजे, ज्यानं त्यानं आपली गोष्ट सांगितली तर कसं चालेल? कुणी त्यांची चूक सुधारली नाही.

"पण बाबा, मी तिला थांबवलं होतं," त्रिवेणी म्हणाली. "मर्जीनं गेली, हे दुसऱ्यांनी ठरवलं."

त्यांनी मला वाढ म्हणून भाताकडे बोट केलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की पातेलं त्यांच्यापुढे आदळून मी आत गेले.

रविवारी पुण्याहून फोन आला. श्रीकांतचे वडील स्वतः बोलत होते आणि त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. एकनाथराव म्हणतात मुलीचाच नकार होता, खरं काय ते तुमच्या तोंडून कळू द्या. त्रिवेणी दाराशी उभी होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील.

"हौ," ते म्हणाले. "तिचीच मर्जी नव्हती."

"मी हो म्हटलं होतं," त्रिवेणी म्हणाली, अगदी स्पष्ट. तोवर सासऱ्यांनी रिसीव्हरवर पंजा दाबला होता. मग त्यांनी फोन ठेवला.

श्रीकांतही काही कमी नाही. खरं त्याला ठाऊक होतं, पण गेममध्ये शंभर फाटे तपासणारा हा बाबा घरी आईवडिलांच्या एकाच रस्त्यानं गेला. तो पुण्याला परतला. दुसरा भाग निघाला, खूप खपला म्हणे. त्रिवेणीनं दुसरी नोकरी धरली. पुढे स्थळं आली, तिनं बघितली नाहीत. सासरे म्हणायचे, बघा, मी सांगत होतो ना, तिला लग्नच करायचं नव्हतं.

आता माझी लेक राणी कॉलेजात जाते. मराठी वाचता येत नाही, पण प्रश्न भरपूर. गेल्या रविवारी सगळे बसलो असताना तिनं आत्याला विचारलं, तू लग्नाला नको का म्हणालीस? आजोबा सांगतात ना नेहमी. तिच्याआधी मीच बोलले, सासऱ्यांच्या देखत.

"तुझ्या आत्यानं हो म्हटलं होतं. मी ऐकलंय."

सासऱ्यांचा पेपर खाली आला नाही, पण पान उलटायचं थांबलं.

"हो म्हटलेलं?" राणी आत्याकडे वळली. "कधी?"

त्रिवेणी वडिलांच्या पेपराकडे बघत म्हणाली, "परवा."