तू त्या दिवशी घरी बस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बाबा आणि समोरच्या विंगमधले काका यांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. दोघं एकाच पक्षाचे कार्यकर्ते. एक शिडीवर चढून बॅनर बांधतोय आणि दुसरा खाली शिडी धरून शिव्या घालतोय, हे मी लहानपणी कितीदा पाहिलंय. पुढे पक्ष फुटला. काका एका गटात गेले, बाबा दुसऱ्यात. तरी सकाळचा चहा काका आमच्याकडेच घ्यायचे. राजकारण सोडून सगळ्यावर बोलायचे.

महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं रखडली होती. एकदाची जाहीर झाली तेव्हा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि काकांच्या पक्षाने तिकीट दिलं ते त्यांच्या सुनेला. वहिनी घरी शिकवण्या घेणारी, कमी बोलणारी. तिला हे नकोच होतं. आईला ती म्हणाली, "पप्पांची हौस आहे हो, मावशी. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी फिरले."

बाबांच्या पक्षाची उमेदवार पलीकडच्या गल्लीतली. तिला बाबा धड ओळखतही नव्हते. पण पक्ष तो पक्ष.

एका सकाळी काका आले ते चहाला नाही म्हणाले.

"मत कोणाला घालतलस ता माका विचारूचा नाय," ते बाबांना म्हणाले. घरातल्यासारखं बोलायचं असलं की ते मालवणीवर येत. "फक्त मतदानाच्या दिवशी टेबलावर बसू नको. तू त्या दिवशी घरी बस. बस, एवढाच."

टेबल म्हणजे मतदान केंद्राबाहेर पक्षाचे लोक मतदारांना चिठ्ठ्या देतात ते. आमच्या दोन्ही विंगमधले लोक वर्षानुवर्षं बाबांकडूनच चिठ्ठी घ्यायचे. तिथे बाबा दिसणं म्हणजे काय, हे काकांना बरोबर ठाऊक होतं.

बाबा म्हणाले, "मी शब्द दिलाय रे त्यांना."

"आणि माका?"

काका उठले आणि चपला घालून निघून गेले.

मतदानाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलावर बसले. मी मत द्यायला गेले तेव्हा वहिनी फाटकाबाहेर उभी होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. बाबांसमोरून जाताना मात्र तिने खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. वहिनी पडली, तीही इतक्या थोडक्यात की आमच्या सोसायटीतली मतं फिरली असती तर चित्र उलटं झालं असतं. हे मला कळलं, आईला कळलं, समोरच्या विंगमध्येही कळलं असणारच. संध्याकाळी ढोल-ताशांत मिरवणूक आली. पोरांनी बाबांना खाली ओढून नेलं आणि गुलालाने माखलं. काका बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. उरलेले कपडे तसेच सोडून ते आत गेले. बाबा वर आले आणि अंघोळीला बसले ते किती तरी वेळ बाहेर आलेच नाहीत.

काका चहाला यायचे थांबले. आईने दोनदा निरोप पाठवला. "बरं वाटत नाही," असं उत्तर आलं.

मग महापौर ठरायची वेळ आली. बाबा टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले होते. बातमी आली की बाबांच्या पक्षाने अर्जच भरला नाही. काकांच्या पक्षाशी त्यांचं जमलं होतं. महापौर बिनविरोध.

बाबांनी नगरसेविकेला फोन लावला. तो तिच्या नवऱ्याने उचलला. "वरून आदेश आहे हो. वॉर्डातली कामं व्हायला हवीत ना. टेन्शन नका घेऊ."

टीव्ही बंद करून बाबा समोरच्या विंगमध्ये निघाले. मला म्हणाले, "चल गं तूपण." एकट्याने जायचा त्यांना धीर नव्हता.

वहिनीने दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा टाकला. काका पेपर वाचत होते. तो त्यांनी बाजूला ठेवला नाही.

"ऐकलंस ना?" बाबा म्हणाले. "आता आपण एकाच बाजूला."

"पक्ष आले एका बाजूला," काका म्हणाले. ते मालवणीत बोलले नाहीत. "मी तुझ्याकडे पक्षाचं काय मागितलं होतं?"

वहिनी कप घेऊन तशीच उभी राहिली. बाबांनी चहा घेतला, गरम होता तरी भराभर संपवला. घरी येताना जिन्यात ते कठड्याला धरून थांबले. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

शिमग्याला काका गावी गेले ते तिथेच राहिले. वहिनीच्या शिकवण्या पुन्हा चालू आहेत. बाबा तिला खाली भेटले की काकांचं विचारतात आणि ती "बरे आहेत" म्हणते. एका रविवारी मीच काकांना फोन लावून बाबांच्या हातात दिला. दोघं गुडघ्यांबद्दल बोलले, उकाड्याबद्दल बोलले. परत कधी येतोस, हे बाबांनी विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही.